घरातल्या भिंतींची भोकं आणि भेगा : रंग देण्याआधीची डागडुजी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एकाच गल्लीत तीन तऱ्हेच्या भिंती भेटतात. पेठेतल्या वाड्याची माती-चुन्याची, ऐंशीच्या दशकातल्या बंगल्याची भाजक्या विटेची आणि नव्या अपार्टमेंटमधली हलक्या ब्लॉकची. एकीला चालणारं औषध दुसरीला बाधतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रंगाचे दोन हात मारले की बारीक चिरा झाकल्या जात नाहीत का?

पहिले काही दिवस झाकल्यासारख्या दिसतात. रंगाचा वाळलेला थर जेमतेम कागदाएवढा जाड असतो. भिंत थोडी जरी हलली तरी तो भेगेच्या रेषेवरच फाटतो. चीर फक्त जुन्या रंगाच्या थरात असेल आणि खरवडल्यावर खालचा गिलावा अखंड निघाला, तर घासून प्रायमर आणि पुट्टी पुरते. गिलाव्यात गेलेली चीर मात्र उघडून भरावीच लागते (प्रश्न ६).

२. कोणती भेग किरकोळ आणि कोणती धोक्याची?

आधी रुंदी बघा. एटीएम कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असतं. त्याची कड भेगेत शिरत नसेल तर ती केसभेग. मग भेगेची दिशा बघा, कारण रुंदीपेक्षा दिशाच जास्त सांगते.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या, कुठूनही कुठंही जाणाऱ्या चिरा म्हणजे गिलावा आक्रसल्याची खूण. सिमेंट जास्त पडलं, वाळूत माती किंवा भुकटी जास्त होती, किंवा उन्हाळ्यात पाणी मारलं नाही की त्या येतात. दिसायला वाईट, पण घराला त्यांचा धोका नसतो. पिलर किंवा बीमच्या कडेनं दोरी धरल्यासारखी सरळ भेग म्हणजे काँक्रीट आणि वीट यांचा सांधा सुटलाय (प्रश्न ९). खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बहुतेकदा किरकोळ असते. तिच्यावर प्रश्न ३ प्रमाणे लक्ष मात्र ठेवा.

विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती भेग आली की थांबा. पाया एका बाजूनं खचत असल्याचं ते लक्षण आहे. काळ्या मातीवर उथळ पायाचं घर असेल तर अशी भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, कारण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात भरली तर उन्हाळ्यात शेजारी नवी उघडते. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, पाच मिलिमीटरहून रुंद असेल, दोन्ही कडा एका पातळीत नसतील किंवा दारं अचानक अडकायला लागली असतील, तर पेंटरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

३. भेग अजून वाढतेय का, हे घरच्या घरी कसं बघायचं?

भेगेची दोन्ही टोकं जिथं संपतात तिथं पेन्सिलनं आडवी रेघ ओढून तारीख लिहा. मधल्या भागात रंग खरवडून, उघड्या गिलाव्यावर भेगेला आडवी अशी दोन इंच रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) पट्टी लावा. पीओपी ताण सोसत नाही, त्यामुळं भिंत हलली की पट्टीलाच तडा जातो. दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. किमान तीन महिने, आणि त्यात एक ऋतुबदल यायला हवा. फक्त एप्रिल-मे बघून ‘हलत नाही’ म्हणणं घाईचं ठरतं.

४. किती हत्यारं आणि काय सामान लागतं?

हातोडी, अर्धा इंची छिन्नी, वायरब्रश, चार इंची आणि आठ इंची पुट्टीच्या पट्ट्या, थापी, गुरमाळा, घमेलं, जुना पेंटब्रश, पाण्याचा फवारा. पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचा. सामानात पुट्टी, तयार क्रॅक फिलर, दोन इंची फायबर जाळीची टेप, थोडं सिमेंट आणि चाळलेली वाळू. चष्मा, मास्क आणि रबरी हातमोजे यांत काटकसर नको. सिमेंट आणि चुना दोन्ही कातडी जाळतात, आणि छिन्नीचा खपला डोळ्यात जायला क्षण पुरतो.

५. खिळ्यांची आणि स्क्रूची भोकं कशी बुजवायची?

खिळा पकडीनं सरळ ओढू नका, गिलाव्याचा खपला घेऊन बाहेर येतो. खाली लाकडाचा तुकडा ठेवून उचका. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा गट्टू आत असेल तर तो काढाच. लाकडी गट्टू पावसाळ्यात फुगतो आणि वरची पुट्टी ढकलून देतो. निघतच नसेल तर भिंतीच्या पातळीपासून अर्धा सेंटिमीटर आत ठोका.

भोकाची कड बाहेर उचललेली असते, ती हातोडीच्या गोल टोकानं हलकेच आत दाबा. धूळ फुंकून किंवा ब्रशनं काढा, ओला ब्रश फिरवा आणि लोण्याएवढी घट्ट पुट्टी दोन वेळा भरा. पहिली भरताना थोडी आतच राहू द्या, दुसरी दुसऱ्या दिवशी पातळीत ओढा. एका दमात भरलेल्या खोल भोकात पुट्टी आक्रसून मध्ये वाटी पडते. टूथपेस्ट किंवा साबण भरण्याची युक्ती वापरू नका. त्यावर रंग धरत नाही.

६. गिलाव्यातली साधी भेग भरायची नेमकी पद्धत काय?

भेग भरण्याआधी ती मोठी करावी लागते. लोकांना हे पटत नाही, पण काम इथंच टिकतं किंवा फसतं. केसभेगेत फिलर शिरत नाही, नुसता वर बसतो आणि घासताना निघून जातो.

छिन्नीच्या कोपऱ्यानं भेगेच्या लांबीभर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडा, पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल. दोन्ही टोकांना भेग संपते तिच्याही पुढे इंचभर जा. सुटे कण वायरब्रशनं काढा, मग कोरड्या ब्रशनं धूळ. धुळीवर भरलेलं काहीही भिंतीला चिकटत नाही, धुळीलाच चिकटतं. सिमेंटच्या पावडरीचं फिलर असेल तर खाच ओलसर करा, पाणी साचू देऊ नका. तयार ॲक्रिलिक पेस्ट असेल तर पाकिटावरची सूचना बघा, बऱ्याच पेस्टना कोरडी भिंत लागते.

फिलर पट्टीनं आधी भेगेला आडवा दाबा म्हणजे तळाशी हवा राहत नाही, मग उभा ओढा. पूर्ण वाळला की त्यावर फायबर जाळीची टेप, टेपवर पुट्टीचा पातळ हात, दोन्ही बाजूंना चार-चार इंच पसरवून. १२० नंबरच्या पेपरनं घासा, दुसरा हात द्या, २२० नंबरच्या पेपरनं घासा. टेप पुट्टीवर नुसती चिकटवून सोडली तर रंगानंतर तिची जाळी उन्हात दिसते.

७. स्विचबोर्ड हलवला, एसीच्या पाइपचं भोक राहिलंय. एवढा खड्डा पुट्टीनं भरू का?

नाही. सिमेंटची पुट्टी एकूण दीड मिलिमीटरपर्यंतच्या थरासाठी असते. खड्ड्यात कोंबली तर वरून वाळते, आत ओली राहते, फाटते आणि एके दिवशी सगळा गोळा बाहेर येतो. खड्ड्याला १:४ सिमेंट-वाळूचा माल लागतो, म्हणजे एक माप सिमेंटला चार मापं वाळू.

हिशेब असा : १५ × १५ सेंटिमीटरचा आणि ५ सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे साधारण १.१ लिटर ओला माल. त्याला सुमारे ४५० ग्रॅम सिमेंट आणि दोन किलो वाळू पुरते. दुकानातून अख्खी गोणी आणू नका. उघडी गोणी कोल्हापूरच्या पावसाळ्यात गोळे होऊन वायाच जाते.

बोर्ड काढलेल्या ठिकाणी वायर जिवंत नाही याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. मग खड्ड्याच्या कडा आतून किंचित रुंद होतील अशा छिना, म्हणजे माल अडकून राहतो. आदल्या संध्याकाळी पाणी मारा. सकाळी आत सिमेंटचं पातळ पाणी ब्रशनं लावा आणि ते वाळायच्या आत माल भरा. खोल जागेत विटेचे भिजवलेले तुकडे बसवा. एका वेळी १२ ते १५ मिलिमीटरपेक्षा जास्त थर नको. पहिल्या थरावर खिळ्यानं ओरखडे काढा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा थर द्या. शेवटचा थर भिंतीपेक्षा दीड मिलिमीटर आत ठेवा, ती जागा पुट्टीची. सात दिवस दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा आणि त्यानंतर किमान आठवडाभर वाळणं. संपूर्ण भिंतीचा नवा गिलावा असेल तर पुट्टीआधी २८ दिवस थांबा.

एसीच्या आरपार भोकात आधी बाहेरची बाजू बंद करा. कड बाहेरच्या दिशेनं उतरती ठेवा, नाहीतर पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस त्याच भोकातून आत येतो.

८. पुट्टी, पीओपी आणि सिमेंट यांतलं कुठं काय वापरायचं?

कोरड्या आतल्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी सगळीकडे चालते. ॲक्रिलिक पुट्टी घासायला सोपी, पण ओल येणाऱ्या भिंतीवर ती मऊ पडते. पीओपी दहा-वीस मिनिटांत घट्ट होतं म्हणून कामगारांना आवडतं, मात्र पीओपी म्हणजे जिप्समच, आणि ते पाण्यात थोडं विरघळतं. बाथरूमच्या मागची भिंत, स्वयंपाकघराचं सिंक, जोत्यालगतचा भाग इथं पीओपी नको.

आणि ही चूक सर्रास दिसते : लवकर घट्ट व्हावं म्हणून सिमेंटच्या मालात पीओपी मिसळतात. ओलावा मिळाला की जिप्सम आणि सिमेंट यांच्यातून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि काही महिन्यांत भरलेला भाग आपणहून सुटतो. मालकाला वाटतं भिंत खराब आहे. बिघडलेलं असतं ते मिश्रण.

९. पिलरच्या कडेची भेग दरवर्षी भरतो, दरवर्षी उघडते. काय करू?

काँक्रीट आणि वीट उष्णतेनं वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, ओल शोषून फुगण्याचं प्रमाणही वेगळं. सांध्यावर ताण येतच राहणार. पक्का उपाय म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढायचा, बारा इंच रुंद चिकनमेश खिळे-वॉशरनं ताणून बसवायची, सिमेंटचं पाणी मारायचं आणि १:४ चा गिलावा करायचा. जाळी सैल राहिली तर तिच्यामागं पोकळी राहते आणि सगळं व्यर्थ जातं.

एवढी तोडफोड नको असेल तर खाच पाडून लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरा, त्यावर टेप आणि पुट्टी. हे दोन-तीन वर्षं काढतं. तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटतो : सांध्यावर दहा मिलिमीटरची सरळ, नीटनेटकी खाच मुद्दाम ठेवायची. भेग त्या खाचेतच राहते आणि डोळ्याला डिझाइन वाटते. बीमच्या खालच्या आडव्या भेगेलाही हेच लागू.

१०. भिंत ठोकल्यावर ढबढब वाजते. वरून भेग भरून चालेल?

नाही. नाण्यानं किंवा छिन्नीच्या मुठीनं ठोकत जा, पोकळ आवाजाची हद्द खडूनं आखा. तेवढा गिलावा सुटलेला आहे. हद्दीच्या दोन इंच पुढं जाऊन चौकोनात काढून टाका आणि प्रश्न ७ प्रमाणे भरा. तळहाताएवढी पोकळी असेल आणि भेग नसेल तर छेडू नका.

११. पोपडे निघतात, पांढरी भुकटी येते. खरवडून पुट्टी लावली तर?

एक पावसाळाही काढणार नाही. हा लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, पाणी उडतं, क्षार स्फटिक होऊन रंग ढकलतात.

पाणी कुठून येतंय ते शोधण्यासाठी एक फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवा आणि २४ तासांनी बघा. कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेचा दोष, तिथं खिडकी उघडणं हाच इलाज. जमिनीपासून साधारण मीटरभरापर्यंतच ओल असेल तर ती जोत्यातून चढतेय. छतालगत असेल तर गच्ची, मधेच असेल तर पलीकडचं बाथरूम किंवा पाइप.

क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. धुतलं की ते पुन्हा आत जातात. उगम बंद केल्यावरही दोन-तीनदा झाडावं लागतं. भुकटी यायची थांबली, की मगच भरणी.

१२. गणपतीच्या आधी रंग द्यायचाय. ऑगस्टमध्ये भेगा भरल्या तर चालतील का?

घराच्या मधल्या, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेल्या भिंती बिनधास्त करा. फक्त प्रत्येक थराला दुप्पट वेळ द्या. उन्हाळ्यात रात्रीत वाळणारी पुट्टी भर पावसात २४ ते ३६ तास घेते. पंखा चालू ठेवा. हॅलोजन लावून वाळवू नका, वरची कातडी वाळून आत ओल कोंडते.

बाहेरच्या भिंतींची आतली बाजू, विशेषतः पश्चिम आणि नैर्ऋत्येची, दसरा-दिवाळीपर्यंत सोडा. पाहुण्यांना एक भिंत जुनी दिसली तर बिघडत नाही. मार्च ते मे या काळात उलटी काळजी : माल लवकर सुकतो, म्हणून भिंत आधी भिजवा आणि दुपारचं ऊन येणाऱ्या भिंतीवर सकाळीच काम करा.

१३. पुराचं पाणी घरात आलं होतं. भिंती कधी दुरुस्त करायच्या?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर दिवाळीआधी उरकून टाकायची घाई अनेकांना भोवली. चिखल ओला असतानाच धुवा. सुटलेला, पोकळ गिलावा काढून वीट उघडी ठेवा, म्हणजे वाळायला तोंड मिळतं. ठोकताळा असा की भिंतीच्या एक इंच जाडीला एक महिना लागतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-पाच महिने. वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतींना वर्षही लागतं. मधल्या काळात नुसता चुना मारा. त्यातून भिंत श्वास घेते आणि घरही स्वच्छ दिसतं. भरणी करण्याआधी प्रश्न ११ मधली प्लॅस्टिकची चाचणी करा.

१४. आमचा जुना वाडा आहे, माती-चुन्याच्या भिंती. गवंडी सिमेंटनं भरतो म्हणतो, भरू द्यावं का?

देऊ नका. सिमेंटचा पॅच मातीपेक्षा कितीतरी कडक असतो आणि ओल अडवतो. भिंतीतलं पाणी त्याला वळसा घालून कडेनं बाहेर पडतं, तिथली माती सुटते, आणि दोन-तीन वर्षांत सिमेंटची कडक पापडी मागची मऊ भिंत घेऊन पडते.

चुन्याच्या गिलाव्याला १ भाग भिजवलेला चुना, १ भाग सुरखी (भाजक्या विटेची पूड), १ भाग चाळलेली वाळू. कळीचा चुना किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. न मुरलेले कण नंतर भिंतीत फुटतात आणि वाटाण्याएवढे खड्डे पडतात. चुना भिजवताना पाणी उकळतं, म्हणून पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, आणि मुलांना लांब ठेवा. दहा मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, आठवडाभर ओलसर ठेवा.

मातीच्या भिंतीला पांढरी माती, बारीक काड आणि शेण यांचा काला, चार-पाच दिवस तुडवून मुरवलेला. वरून चुन्याचा हात. प्लॅस्टिक पेंट अशा भिंतीवर नकोच.

१५. जुने लोक चुन्यात गूळ घालायचे. सिमेंटच्या मालात गुळाचं पाणी घातलं तर मजबूत होईल?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. चुन्याच्या कामात गुळाचं पाणी घालायची परंपरा खरी आहे. सिमेंटचं मात्र उलट होतं : साखर सिमेंटला घट्टच होऊ देत नाही. किंचितशा साखरेनंही माल तासन्‌तास ओला राहतो, जास्त पडली तर कायमचा भुसभुशीत. गुळाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट कालवतानाही डबा आधी नीट धुवा.

१६. नव्या फ्लॅटमध्ये भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या आहेत. काही वेगळं करावं लागतं?

हो. हा ब्लॉक पाणी भराभर पितो, म्हणून माल भरण्याआधी फवारा मारा, पण निथळेपर्यंत भिजवू नका. पहिली दोन वर्षं तो आक्रसतो आणि सांध्यांवर रेषा उमटतात. त्या लगेच भरण्यापेक्षा एक उन्हाळा-पावसाळा जाऊ द्या, मग प्रश्न ६ प्रमाणे टेपसह भरा. ड्रिलनं मोठी झालेली भोकं ब्लॉकच्या चिकटमालानं भरा.

गिलावा जिप्समचा आहे का, ते चाकूनं ओरखडून बघा. पांढरा, मऊ, वाळूचा कणही नाही, तर जिप्सम. तो जिप्समनंच भरा. कारण प्रश्न ८ मध्ये.

१७. भिंतीवर जुना ऑइल पेंट आहे. त्यावर पुट्टी धरेल का?

गुळगुळीत ऑइल पेंटवर धरत नाही, पत्र्यासारखी सोलून येते. चमक जाईपर्यंत घासा. घासताना पाणी लावून घासा, कोरडं नको : जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, ही मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून दूर ठेवा, निघालेला चोथा पिशवीत बांधून टाका.

१८. छताला सरळ रेषेत भेगा आहेत आणि तांबूस डाग दिसतात. पुट्टी मारून रंगवू?

रंगवू नका. आतली सळई गंजतेय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तोच काँक्रीट फोडतो. पुट्टीनं डाग झाकला की गंज चालूच राहतो आणि एक दिवस खपला पंख्याशेजारी पडतो. खाली पलंग असेल तर आजच सरकवा आणि इंजिनिअरला दाखवा.

१९. सगळं नीट भरलं, तरी रंगानंतर भरलेल्या जागा ठिपक्यासारख्या दिसतात. का?

नवी पुट्टी रंग जास्त शोषते, जुना भाग कमी. फक्त भरलेल्या जागी प्रायमर लावला की हा फरक उरतोच. पूर्ण भिंतीला एकसारखा प्रायमर द्या आणि सहा-आठ तास वाळू द्या. प्रायमरनंतर, रंगाआधी, अंधारात बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी धरा. दिवसा न दिसणारे सगळे उंचवटे सावल्यांनी दिसतात. त्यांवर पेन्सिलनं खुणा करा, पुट्टीनं टिपा, घासा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर.

२०. १० × १० च्या खोलीला पुट्टी किती आणू?

दहा फूट उंचीला चार भिंती म्हणजे ४०० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ३५० च्या आसपास. पूर्ण दोन हात देणार असाल तर २५ ते ३० किलो धरा. गिलावा खडबडीत असेल तर ४० किलोची गोणीच घ्या. नुसती भोकं आणि भेगा टिपायच्या असतील तर पाच किलो भरपूर. एका किलोला ३६० ते ४०० मिलिलिटर पाणी. पाण्यात पुट्टी टाका आणि गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. दोन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून मऊ केली तर ती भिंतीवर भुकटी होते.